हळूहळू विझणारा दिवा आणि अटलांटिकच्या तळाची तार

आधी एक छोटा प्रयोग करून बघा. ९ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी, १ किलोओहमचा रेझिस्टर आणि २२०० मायक्रोफॅरडचा, किमान १६ व्होल्टचा कपॅसिटर घ्या. एलईडी आणि रेझिस्टर एकामागोमाग जोडा, ती जोडी कपॅसिटरच्या दोन टोकांना लावा, आणि कपॅसिटरला बटणामार्फत बॅटरी द्या. (कपॅसिटरचं उणे टोक बॅटरीच्या उणेलाच जोडायचं. उलटं जोडलं तर तो फुटू शकतो.) बटण दाबलं की दिवा लागतो. सोडलं की मात्र लगेच विझत नाही, मंद मंद होत जातो.

का? कपॅसिटरमध्ये साठलेला विद्युतभार रेझिस्टरमधून सावकाश निसटतो. रोध गुणिले धारिता केलं की वेळ मिळतो, इथे २.२ सेकंद. दर २.२ सेकंदांनी प्रवाह आधीच्या साधारण ३७ टक्क्यांवर येतो.

टेबलावर हे बघायला छान वाटतं. पण एकोणिसाव्या शतकात याच गोष्टीने समुद्राखालच्या तारायंत्राला जेरीस आणलं होतं.

समुद्रात टाकलेली केबल म्हणजे मधे तांब्याची तार, तिच्यावर गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचं वेष्टन आणि बाहेर खारं पाणी. दोन वाहक आणि मधे निरोधक. म्हणजे काय, तर शेकडो मैल लांबीचा कपॅसिटरच! हे मायकेल फॅरडे यांनी १८५४ साली दाखवून दिलं. एका टोकाला दिलेला झटपट ठोका दुसऱ्या टोकाला पसरट होऊन पोचायचा. आपल्या दिव्यासारखा सावकाश चढायचा, सावकाश उतरायचा. पुढचा ठोका घाईने पाठवला तर दोन्ही एकमेकांत मिसळायचे.

ग्लासगोच्या विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्विन) यांनी याचं गणित मांडलं. लांबी वाढली की रोधही वाढतो आणि धारिताही. म्हणून लांबी दुप्पट केली तर विलंब चौपट. उपाय एकच: तांबं जाड, वेष्टन जाड. अटलांटिक टेलिग्राफ कंपनीचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांना हे पटलं नाही. पेशाने ते शल्यचिकित्सक होते, प्रयोग स्वतः करायचे, आणि हा वर्गाचा नियम म्हणजे कागदी कल्पना आहे असं त्यांचं मत होतं.

ऑगस्ट १८५८ मध्ये केबल जोडली गेली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पोचायला सुमारे १६ तास लागले. व्हाइटहाउस यांनी मोठ्या वेटोळ्यांनी सुमारे २००० व्होल्टचे झटके दिले. वेष्टन आधीच सदोष होतं, त्यात हा मारा. काही आठवड्यांतच केबल मुकी झाली. मरण्याआधी तिने एक काम केलं, आणि ते आपल्याकडच्या घटनांशी जोडलेलं आहे. १८५७ च्या उठावामुळे कॅनडातून परत बोलावलेल्या दोन ब्रिटिश पलटणींना 'आता येऊ नका' हा निरोप तिच्यावरूनच गेला.

आता पुन्हा आपल्या दिव्याकडे या. बॅटरी ६ ऐवजी ९ व्होल्टची लावली तर दिवा जास्त उजळेल, आणि त्याची शेपटी उलट जरा जास्त वेळ दिसेल. पण ३७ टक्क्यांवर यायला लागणारे २.२ सेकंद तसेच राहतात, कारण रोध गुणिले धारिता या गुणाकारात व्होल्टेज कुठेच नाही. व्हाइटहाउस जोर वाढवत होते, आणि अडचण जोराची नव्हतीच.

१८६६ ची केबल जाड तांब्याची आणि जाड वेष्टनाची होती. जोडीला थॉमसन यांचं अतिशय संवेदनशील आरशाचं गॅल्व्हानोमीटर. त्याच वर्षी लॅटिमर क्लार्क यांनी, शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात त्या टोपणात आम्ल आणि जस्ताचा तुकडा घालून बॅटरी केली, आणि तेवढ्यावर अटलांटिक ओलांडून परत येणारा संकेत पाठवून दाखवला. २००० व्होल्टनी जे बिघडलं, ते जेमतेम एका व्होल्टने जमलं.

आता कपॅसिटर तोच ठेवून रेझिस्टर बदलून बघा. फरक लगेच दिसेल.