छळकाळातील आश्रय : ञाणपोनिक थेर व सिलोनचे बौद्ध

ज्यूद्वेषाच्या विरोधात बौद्ध व ज्यू यांच्यामध्ये जे सख्य निर्माण झाले, त्याचा शोध घेताना अभ्यासकाचे लक्ष सामान्यतः परिषदा व जाहीरनामे यांकडे जाते. परंतु त्याचा एक जुना पुरावा एका कुटुंबाच्या स्थलांतरात सापडतो.

झीगमुंड फेनिगर ह्यांचा जन्म १९०१ साली जर्मनीतील हानाऊ येथे ज्यू कुटुंबात झाला. तरुणपणीच ते बौद्ध विचाराकडे वळले. तथापि नाझी राजवट आल्यावर त्यांनी बर्लिन येथे ज्यूंच्या साहाय्यसंस्थेत काम केले. श्रद्धा बदलली तरी पीडित समाजाशी असलेले नाते त्यांनी तोडले नाही. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी तर वंश हाच नागरिकत्वाचा निकष ठरविला. त्याच वर्षाच्या अखेरीस विधवा मातेसह ते व्हिएन्नास गेले आणि १९३६ मध्ये एकटेच सिलोनला पोचले.

दोडनदूव येथील द्वीपाश्रमात ञाणतिलोक महाथेरांनी त्यांना दीक्षा दिली व ते ञाणपोनिक झाले. गुरू जन्माने जर्मन कॅथॉलिक, शिष्य जर्मन ज्यू. मायदेशी कायदा ज्यांना परस्परांपासून तोडीत होता, ते येथे एकाच विनयाखाली नांदत होते.

१९३८ मध्ये ऑस्ट्रिया नाझींच्या ताब्यात गेल्यावर व्हिएन्नाही सुरक्षित राहिले नाही. १९३९ मध्ये ञाणपोनिकांनी माता व काही नातलग यांना सिलोनला आणविले. त्यासाठी आवश्यक ते हमीपत्र कोलंबोचे बौद्ध दानशूर अर्नेस्ट डी सिल्व्हा यांनी दिले व मातेला प्रारंभी आपल्याच घरी ठेवून घेतले. पुढे तिने बौद्ध धर्म स्वीकारला. परंतु आश्रय आधी मिळाला, धर्मान्तर नंतर झाले, हा क्रम महत्त्वाचा होय.

युद्धकाळात मात्र ब्रिटिश शासनाने ञाणपोनिकांना जर्मन म्हणून स्थानबद्ध केले. १९४१ ते १९४६ ही वर्षे त्यांनी डेहराडूनच्या छावणीत पाली ग्रंथांच्या भाषांतरात घालविली. जर्मनीने ज्याला जर्मन मानले नाही, त्याला शत्रूने जर्मन ठरविले!

ह्या एका उदाहरणावरून व्यापक सिद्धान्त काढणे योग्य होणार नाही. जर्मनीतील सर्वच बौद्ध नाझींच्या विरोधात उभे राहिले, असे नव्हे. तथापि एवढे निश्चित म्हणता येते की, येथे सख्याचे माप घोषणेने नव्हे, तर स्वतःच्या नावावर पत्करलेल्या जबाबदारीने करावे लागते. हमीपत्रावरील एका सहीने माणसे वाचली. इतिहासकाराने अशा सह्यांची नोंद घेतली पाहिजे.