हौशी वेधकांची परंपरा आणि शिवऱ्याचे आकाश

आकाशाचा वेध एकटा मनुष्य घेऊ शकतो. परंतु घेतलेले वेध तपासणे, जतन करणे व पुढील पिढीच्या हाती सोपविणे हे कार्य एकट्याच्या आवाक्यातील नव्हे. पुणे परिसरातील ज्योतिर्वेधाचा इ. स. १८८८ पासूनचा इतिहास पाहू गेल्यास या विधानाची सत्यता पटते. येथे एक समृद्ध वेधशाळा एका विद्वानाच्या निवृत्तीबरोबर लयास गेली. आणि पुढे साध्या साधनांनिशी काम करणाऱ्या हौशी मंडळींची संस्था मात्र अनेक पिढ्या टिकली.

१८८८ मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. भावनगरच्या महाराजांची देणगी व मुंबई सरकारचे साहाय्य यांतून तिची उभारणी झाली. तेथील, डब्लिनच्या ग्रब यांनी घडविलेली २० इंची परावर्तक दुर्बीण तत्कालीन हिंदुस्थानात सर्वांत मोठी होती. वेधशाळेचे प्रमुख प्रा. कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी २२ जानेवारी १८९८ रोजी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकून खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेतले. तथापि १९१२ मध्ये ते सेवानिवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली व तिची उपकरणे कोडाईकनाल येथे रवाना झाली. पुण्याजवळ दुर्बीण होती, विद्वान होता; त्यांच्यामागे ते कार्य उचलून धरील असा वेधकांचा समुदाय नव्हता.

याच्या उलट उदाहरण बंगालमध्ये आढळते. जेसोर येथील सरकारी खजिन्यात नोकरी करणारे राधागोविंद चंद्र हे रात्री रूपविकारी ताऱ्यांचे निरीक्षण करीत. १९११ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या रूपविकारी तारे निरीक्षकांच्या संघाकडे त्यांनी आपल्या नोंदी पाठविण्यास आरंभ केला. संघाने त्यांस सहा इंची दुर्बीण उसनी दिली. त्यांच्या नोंदींची संख्या अखेरीस ३७ हजारांवर गेली आणि ती दुर्बीण पुढे वेणू बाप्पू यांच्या हाती आली. खजिन्यातील एका नोकराची रात्रीची आवड शास्त्राच्या उपयोगी पडली, ती नोंदी स्वीकारणारी व साधन पुरविणारी संस्था होती म्हणून.

पुण्यात अशी संस्था २२ ऑगस्ट १९४४ रोजी निर्माण झाली. ज्योतिर्विद्या परिसंस्था ही भारतातील हौशी ज्योतिर्विदांची सर्वांत जुनी संस्था म्हणून ओळखली जाते. टिळक रस्त्यावरील टिळक स्मारक मंदिर हे तिचे परिचित ठिकाण होय. पदवी अथवा अधिकारपद यांची अट नसलेल्या अशा संस्थेत शाळकरी विद्यार्थी, गृहिणी, कारकून व अभियंता एकाच दुर्बिणीपाशी उभे राहतात.

अशा सहवासाचा लाभ नेमका कोणता, हे रूपविकारी ताऱ्याच्या वेधावरून समजते. निरीक्षक त्या ताऱ्याच्या जवळचे, ज्ञात प्रतीचे दोन तारे निवडतो व त्यांच्या तुलनेने त्याची प्रत दशांशापर्यंत अजमावतो. प्रत्येकाच्या डोळ्याची ठेवण भिन्न असल्यामुळे एकट्याच्या अंदाजात दोष राहतो. अनेकांच्या नोंदी ताडून पाहिल्या असता तो उघड होतो. अंधाराला डोळे सरावण्यास अर्धा तास द्यावा, नोंदीसाठी मंद तांबडा दिवा वापरावा, अंधूक पदार्थ किंचित तिरप्या नजरेने पाहावा, या गोष्टी ग्रंथांतून वाचता येतात. परंतु अनुभवी निरीक्षकाच्या शेजारी एक रात्र काढल्याने त्या अंगवळणी पडतात. महागड्या दुर्बिणीसाठी पैसे खर्च करण्यापूर्वी अनेक दुर्बिणींतून पाहण्याची संधी मिळते, हा व्यावहारिक लाभही लहान नव्हे.

शहराचा उजेड वाढत गेला तसतसे निरीक्षकांना बाहेर पडावे लागले. या दृष्टीने भोर तालुक्यातील शिवऱ्याचे स्थान लक्षणीय आहे. पुणे-सातारा मार्गावरील हे गाव शहरापासून सुमारे २५-३० किलोमीटरांवर असून त्याच्या पूर्वेस पुरंदर व पश्चिमेस राजगड-तोरण्याच्या डोंगररांगा आहेत. याच पट्ट्यातील नसरापूर-केळवडे परिसर पुण्याच्या आकाशनिरीक्षकांना परिचित आहे. पुणे उत्तरेस राहत असल्यामुळे शहराचा उजेड निरीक्षकाच्या पाठीशी पडतो व दक्षिणेचे आकाश तुलनेने काळोखे राहते. सुमारे १८ अंश अक्षांशाच्या या प्रदेशातून अगस्त्य क्षितिजावर १९ अंश, तर नरतुरंगातील ओमेगा हा भव्य तारकागुच्छ २४ अंश वर येतो. लंडन वा पॅरिस येथील निरीक्षकास हे दोन्ही कधीच दिसत नाहीत. पावसाळ्याचे चार महिने वगळता वर्षभर ही संपत्ती येथे उपलब्ध असते.

परंतु ती अक्षय नव्हे. महामार्गाच्या दुतर्फा उपाहारगृहे, गोदामे व वसाहती वाढल्या तसा दिव्यांचा झोतही वर चढला. आज अमुक प्रतीचा तारा शिवऱ्याहून नुसत्या डोळ्यांनी दिसतो किंवा नाही, याची नोंद झाली तरच वीस वर्षांनी काय गमावले ते सांगता येईल. ही नोंद एका हौशी मनुष्याच्या वहीत राहिली तर ती त्याच्याबरोबर नाहीशी होईल. संस्थेच्या दप्तरी गेली तर ती पुरावा ठरेल. दिव्यांना झाकण घालावे, प्रकाश जमिनीकडेच वळवावा, अशी मागणी ग्रामस्थांसमोर मांडावयाची झाल्यास त्यास आधार या पुराव्याचाच मिळेल.

१९१२ मध्ये पुण्यातून २० इंची दुर्बीण गेली तेव्हा ती सांभाळण्यास कोणी उरले नव्हते. आता सांभाळावयाचे आहे ते खुद्द आकाशच. आणि त्यासाठी लागणारी माणसे निरीक्षक-मंडळांतूनच तयार होतात.