दहावीला ‘निसर्ग’ हा वेगळा विषय? काय आहे नॅचरल हिस्टरी आणि बीडशी त्याचा काय संबंध?

डिसेंबर 2021 मध्ये बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातलं लवूळ गाव जगभर व्हायरल झालं. ‘वानरांनी सूड म्हणून 250 कुत्री मारली’ असे मेसेज फिरले, मीम्स आली. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, घरांवर नेतात, असं गावकरी सांगत होते. वन विभागाने दोन वानरं पकडली. पण 250 हा आकडा किंवा सूडाची गोष्ट सिद्ध झाली नाही. वानराचं मुख्य खाणं झाडपाला, फुलं आणि फळं. शेजारच्या प्राण्याबद्दलची ही माहिती शाळेत मिळायला हवी का?

नेमका विषय काय?

इंग्लंडमध्ये मुलं साधारण 16 व्या वर्षी जीसीएसई परीक्षा देतात. त्यात ‘नॅचरल हिस्टरी’ हा नवा विषय आणण्याची घोषणा एप्रिल 2022 मध्ये झाली. परिसरातल्या प्रजाती ओळखणं, निरीक्षण करणं, नोंदी ठेवणं हा त्याचा गाभा. सप्टेंबर 2025 पासून तो शिकवायचं ठरलं होतं, पण ते लांबलं.

महाराष्ट्रात काय शिकवतात?

सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. राज्यात प्राथमिक शाळेत ‘परिसर अभ्यास’ आहे, नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ आहे. मात्र पक्षी, गवत, साप ओळखायला शिकवणारा स्वतंत्र विषय दहावीला नाही.

बीडमध्ये शिकण्यासारखं काय आहे?

पाटोदा तालुक्यात सुमारे 30 चौरस किलोमीटरचं नायगाव मयूर अभयारण्य आहे. बालाघाटच्या डोंगरात सीताफळं पिकतात, बीडच्या सीताफळाला जीआय मानांकन आहे. उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. म्हणजे प्रयोगशाळा दाराशीच आहे.

मग अडचण कुठे?

वर्षभर एकाच जागेच्या नोंदी ठेवायच्या, तर मूल वर्षभर गावात हवं. दिवाळीच्या सुमारास बीडमधली हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि अनेक मुलंही सोबत जातात. त्यांच्या वहीत निम्मं वर्ष कोरं राहील. उलट, फडावर दिसणारे पक्षी आणि प्राणी नोंदवायची मुभा दिली, तर याच मुलांच्या वहीत दोन परिसर असतील.

म्हणून असा विषय आलाच, तर पुस्तकाआधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतील: शिकवणार कोण, गुण कशाचे, आणि स्थलांतरित मुलांच्या नोंदी कशा धरायच्या.