सायकलला इंजिन आणि इंजिनाला स्टड

यंदा स्मरणिकेसाठी “इतिहासावर काहीतरी लिहा” असा कार्यकर्त्यांनी आग्रह धरला. मी आयुष्यभर कारखान्यात पाना फिरवलेला माणूस. राजेरजवाड्यांवर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. म्हणून सायकलला बसलेल्या इंजिनाची हकिगत सांगतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये वाहनांची टंचाई होती. १९४६ मध्ये हामामात्सु येथे सोइचिरो होंडा यांनी लष्करी वायरलेस संचांच्या जनित्रांची लहान इंजिने मिळवून सायकलींना बसवली. ती संपत आल्यावर १९४७ मध्ये स्वतःचे ५० सीसीचे इंजिन काढले. आवाजावरून लोक त्याला ‘बाटा-बाटा’ म्हणत. इटलीत १९६७ साली पियाजिओची ‘चाओ’ आली आणि तिच्याच धर्तीवर १९७२ मध्ये आपल्या अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) कायनेटिकची ‘लुना’ तयार झाली. १९८० मध्ये होसूरहून दोघांना बसता येईल अशी टीव्हीएस ५० आली. स्कूटर न परवडणारे कारकून, शिक्षक, दूधवाले गाडीमालक झाले.

मी १९८६ साली नोकरीनिमित्त भिलाईला आलो आणि एक जुनी मोपेड घेतली. थोरली मुलगी झाली तेव्हा सौभाग्यवतींचा डबा मी तिच्यावरूनच रुग्णालयात नेत असे. त्या पंधरवड्यात सायलेन्सरचा स्टड दोनदा तुटला. दोन्ही वेळा नवा बसवला आणि जोर लावून आवळला. तिसऱ्यांदा तो सिलिंडरमध्येच मोडून बसला आणि मी डबा घेऊन पायी निघालो.

संध्याकाळी शेजारचे तेलुगू फोरमन आले. तुटक्या स्टडकडे त्यांनी पाहिलेही नाही. सायलेन्सरचे मागचे टोक धरून हलवले आणि म्हणाले, “बेटा, पहले पीछे देखो.” मागच्या ब्रॅकेटचा बोल्ट कधीच गळून पडला होता. सायलेन्सरचा सारा भार आणि इंजिनाची थरथर दोन बारीक स्टडवर येत होती. वर तापणे-निवणे रोजचेच.

मग त्यांनी शिकवले. मोडक्या स्टडच्या बरोबर मध्यावर सेंटर पंच मारायचा, आधी बारीक ड्रिल, मग मोठे, आणि टॅपने आटे साफ करायचे. नवे पॅकिंग, पितळी नट. ते गंजून धरत नाहीत. दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. मागचा बोल्ट ताण न देता बसला पाहिजे. गाडी तापून निवली की पुन्हा एकदा पाना लावायचा. त्यानंतर तो स्टड कधीच तुटला नाही.

२०२४ मध्ये विजेवरची लुना आली. तिला सायलेन्सर नाही, म्हणजे स्टडही नाही. पण फोरमनसाहेबांचा धडा जुना झालेला नाही. परमुलुखात मंडळ चालवतानाही पुढे कुणी थकलेला दिसला की मी आधी मागे पाहतो, कुणाचा हात सुटला आहे का.

गणपती बाप्पा मोरया!