संगणक-मार्गदर्शिकेतील विनोद

शास्त्रीय लेखनात थट्टा वर्ज्य, असा समज आपल्याकडे रूढ आहे. परंतु ११५० साली भास्कराचार्यांनी 'लीलावती'त भुंग्यांच्या थव्यावर गणित रचले आणि ते सोडविणारीस 'कान्ते' असे संबोधिले. हीच सलगी युनिक्स या संगणकप्रणालीच्या १९७१ च्या मार्गदर्शिकेत दिसते. तीत आज्ञांचे दोष सांगण्यास स्वतंत्र सदरच आहे. १९८३ च्या बर्कली आवृत्तीत त्याच सदरात 'ट्यून' म्हणजे जुळवणी व 'ट्यूना' मासा यांवर श्लेष केला आहे. मराठीत हा श्लेष उतरत नाही. पण तो नुसता गाळल्यास रचनाकार व वाचक यांमधील विश्वासाचे नातेही गळते. अशा स्थळी अनुवादकाने शब्दाऐवजी वृत्ती उतरवावी. लीलावतीच्या भूमीत ती परकी नाही.