'पास' झालेला कान

ताईच्या बाळाची कानाची टेस्ट झाली. 'पास'! सगळे खूश. मी विचारलं, कुठली टेस्ट? (इंजिनिअरची खोड, दुसरं काय!)

१९४८ साली थॉमस गोल्ड म्हणाला, कान नुसता ऐकत नाही, आवाजही करत असणार. हा तोच, विश्वाचा स्थिर-स्थिती सिद्धांत मांडणाऱ्यांपैकी एक. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्पने कानात बारीक 'टक्' आवाज सोडला आणि काही मिलिसेकंदांनी कानाने दिलेलं उत्तर मायक्रोफोनवर पकडलं. त्याआधी, १९७१ मध्ये, ज्यूएट आणि विलिस्टन यांनी डोक्याला इलेक्ट्रोड लावून, आवाज नसेतून मेंदूकडे जाताना उठणाऱ्या लहरींचं नीट वर्णन केलं होतं.

म्हणजे एक टेस्ट सर्व्हरची, दुसरी केबलची.

काही पेशंट्सचा कान व्यवस्थित उत्तर द्यायचा, पण लहरी गायब किंवा पार बिघडलेल्या. आवाज कळायचा, शब्द लागायचे नाहीत. १९९६ मध्ये अर्नॉल्ड स्टार आणि सहकाऱ्यांनी अशा १० जणांचा अभ्यास छापला आणि आजाराला नाव दिलं, ऑडिटरी न्यूरोपॅथी.

अशी बाळं पहिल्या टेस्टमध्ये आरामात पास होतात. म्हणूनच २००७ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने सांगितलं, की ५ दिवसांहून जास्त एनआयसीयूत राहिलेल्या बाळांची लहरींची टेस्ट कराच.

ताईचं पिल्लू ९ दिवस होतं. सोमवारची अपॉइंटमेंट घेतलीय.