‘कू’ आणि ‘श्वन्’

केल्टिक घडणीच्या लॉकेटांवर लांबुडके कुत्रे एकमेकांच्या माना-शेपट्यांत गुंतलेले असतात. सोबतच्या चिठ्ठीवर अर्थ छापलेला असतो : निष्ठा. चुकीचा म्हणता येणार नाही, पण फार तोकडा. आयरिश कथांमधला कुत्रा समजून घ्यायचा तर त्याच्या नावापाशीच जायला हवं.

जुन्या आयरिशमध्ये शिकारी कुत्रा म्हणजे ‘कू’, षष्ठीत ‘कोन’. संस्कृत ‘श्वन्’, षष्ठीत ‘शुनः’, हा त्याचा सख्खा भाऊ. दोन्हींच्या सामाईक मूळ भाषेतल्या एका ध्वनीचा संस्कृतात ‘श’ झाला, केल्टिकमध्ये ‘क’ राहिला. म्हणूनच आपलं ‘शत’ तिकडे ‘केद’. ग्रीक ‘क्युओन’, लॅटिन ‘कानिस’, इंग्रजी ‘हाउंड’ हेही त्याच गोतावळ्यातले. आपला ‘कुत्रा’ मात्र या घरचा नव्हे.

आता आयरिश कथांमधल्या कू खुलिन या वीराची गोष्ट. मूळ नाव सेतांता. राजाच्या मागून कुलन लोहाराच्या घरी मेजवानीला पोरगा उशिरा पोहोचला, तेव्हा राखणीचा दांडगा कुत्रा मोकळा सोडलेला होता. पोराने त्याला ठार केलं. लोहार हळहळला : माझं घरदार, गुरंढोरं आता कोण राखणार? पोरगा म्हणाला, त्याच जातीचं पिल्लू मोठं होईपर्यंत मी राखतो. तिथेच काथबाद या द्रुइदाने, म्हणजे केल्टिक पुरोहिताने, त्याचं नाव ठेवलं कू खुलिन, कुलनचा कुत्रा. मला हे नाव विलक्षण वाटतं. त्यात पराक्रम आहे, पण त्याआधी भरपाई आहे. अंगावर घेतलेलं देणं आहे. कोनल या दुसऱ्या वीराच्या नावातही हाच ‘कू’ दडलाय. तिथे कुत्रा म्हणवून घेणं भूषणाचं होतं.

आपल्याकडे ऐतरेय ब्राह्मणात शुनःशेप आहे, ‘कुत्र्याचं शेपूट’. शब्द तोच, वाटणी वेगळी : शंभर गायींसाठी बापाने विकलेला पोर.

कू खुलिनवर नावाने एक बंधनही घातलं : कुत्र्याचं मांस खायचं नाही. दुसरं बंधन, चुलीवरचं अन्न टाळून पुढे जायचं नाही. शेवटच्या लढाईला निघताना वाटेत तीन म्हाताऱ्या कुत्रा भाजत बसलेल्या. नको म्हणावं तर एक बंधन मोडतं, खावं तर दुसरं. त्याने डाव्या हाताने मांस घेतलं, खाल्लं, उरलेलं डाव्या मांडीखाली ठेवलं. तो हात आणि ती मांडी, दोन्ही लुळी पडली.